खोबरेल लावलेली सनई

रेकॉर्ड माझ्या हातातून निसटली. एवढी वर्षं हे काम करते, किती घरांतली फडताळं उपसली असतील, पण असं कधी झालं नव्हतं. रेकॉर्ड धरायची एक पद्धत असते. बोटं मधल्या कागदाला आणि कडेला, काळ्या भागाला हात लावायचा नाही. मी तशीच धरली होती. तरी ती साबणाच्या वडीसारखी सुळकन सुटली. मी मांडी घालून बसले होते म्हणून वाचली.

समोर दिगंबर राऊळ बसला होता. घर त्याचं, रेकॉर्डी त्याच्या वडिलांच्या. वडील जाऊन दोन पावसाळे झाले होते.

"राहू दे ताई, फुटली तरी चालेल," तो म्हणाला. "नाहीतरी द्यायच्याच आहेत."

 मी माझी बोटं हुंगत होते. खोबरेल. शंकाच नाही.

मी कुडाळला राहते. जुन्या रेकॉर्डी विकत घेते, साफ करते, त्यांचं ग्रेडिंग करते आणि कुरिअरने गिऱ्हाइकांना पाठवते. ग्रेडिंग म्हणजे रेकॉर्डची तब्येत तपासून तिला एक दर्जा द्यायचा. गिऱ्हाईक कुठेतरी बेंगळुरूत बसलेलं असतं. त्याला रेकॉर्ड हातात घेऊन बघता येत नाही. तो माझ्या शब्दावर मागवतो. माझा शब्द दोन-चारदा खोटा ठरला की मी घरी बसून कोकमं सुकवायला मोकळी.

दर्जे सोपे आहेत. कधी वाजलीच नाही ती मिंट. वाजली आहे पण पत्ता लागत नाही ती निअर मिंट. मग व्हीजी प्लस, मग व्हीजी, म्हणजे व्हेरी गुड. मग गुड आणि सगळ्यात शेवटी पुअर. यातला गुड हा शब्द ज्याने ठरवला त्याला कोपरापासून नमस्कार. गुड म्हणजे खरखरते, चरचरते, मधेच अडते, पण गाणं कुठलं ते ओळखू येतं. त्या दिवशी सकाळी पहिलीच रेकॉर्ड बघून मी दिगंबरला म्हटलं, "ही जेमतेम गुड आहे," तर आतल्या दारातून त्याच्या आईचा आवाज आला, "बरी आसा मां? देवाक काळजी!" मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. काकींचा चेहरा उतरला आणि मला उगाच अपराध्यासारखं वाटलं.

ती एक रेकॉर्ड वरच पडून होती, धुळीची. फडताळातल्या बाकीच्या मात्र बघण्यासारख्या होत्या. आमच्याकडची हवा दमट. कव्हरं कसर खाते, रेकॉर्डींवर बुरशी धरते. इथेही कव्हरांची चाळण झाली होती, पण आतली प्रत्येक रेकॉर्ड लखलखत होती. बॅटरीचा झोत टाकला की तोंड दिसेल अशी. मी मनातल्या मनात निअर मिंट म्हणून मोकळी झाले होते. नाचायचीच बाकी होते. आणि तेवढ्यात ती हातातून सुटली.

दिगंबर कणकवलीला ऑफिसात असतो. मालवणला येणाऱ्या पर्यटकांसाठी तो घराच्या पुढच्या दोन खोल्यांचा होमस्टे करत होता. फडताळाची खोली त्यातलीच एक. रेकॉर्डींना त्याने गिऱ्हाईकही शोधलं होतं. बांद्याजवळ हायवेला नवीन कॅफे निघाला होता, त्या माणसाला भिंत सजवायला रेकॉर्डी हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी येणार होती. माझ्यासमोरच त्याचा फोन आला. दिगंबरने स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुम्ही ते ग्रेड-बिड बघताय ते ठीक आहे," तो म्हणाला, "पण मला त्याचं काही नाही. काळ्या आणि गोल असल्या की झालं."

"मधे भोक पण लागेल ना तुम्हाला," मी म्हटलं.

"भोक असलं तर बरंच. खिळा मारायला सोपं."

आमच्या धंद्यात भिंत म्हणजे शेवट. ज्या रेकॉर्डीचं काही होऊ शकत नाही, तिचं घड्याळ करतात, नाहीतर भिंतीवर ठोकतात. एकदा भिंतीवर गेली की ती पुन्हा कुणी वाजवत नाही. म्हणून त्या दिवशी माझं काम एवढंच होतं. यातल्या कुठल्या वाजतील आणि कुठल्या भिंतीवर जातील ते सांगायचं. मला बोलवायचा आग्रह काकींचा होता, दिगंबरचा नव्हे. का, ते मला अजून कळलं नव्हतं.

मी तेलकट बोटं पुसत विचारलं, "काकी, याला खोबरेल कुणी लावलं?"

काकी दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा.  पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बाय, भाव-बीव रवांदे. माका एकच सांग. ह्यां सगळां माझ्यामुळे गेलां काय?"

"आये, तां आता कित्याक उगाळतस?" दिगंबर म्हणाला.

"तू गप रव. मी तिका इचारतंय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान माईकवाले. कर्णे, ॲम्प्लिफायर, रेकॉर्डचं मशीन, सगळा संच त्यांचा. लग्न, जत्रा, सत्यनारायण, कुठेही बोलावणं आलं की संच घेऊन निघायचे. एका वर्षी चतुर्थी तोंडावर आली होती आणि पावसाने रेकॉर्डींना बुरशी धरली होती.

"मी फडक्यान पुसलंय. परत धरू नये म्हणान खोबऱ्याचां तेल लावलंय. आडाळ्याक लावतंव, देव्हाऱ्याक लावतंव, तसां. एकूणएक चकचकीत केलंय. म्हटलां, घरी इले की खूश होतीत." आडाळा म्हणजे आमच्याकडची विळी. पावसाळ्यात तिला तेलाचा हात दिला नाही तर गंजते.

"मग?"

"चवथीच्या सकाळी ह्येंनी सनई लावल्यानी. सुई सर्रकन मधे जावन पडली. परत ठेवल्यानी, परत तसांच. माझ्याकडे एकदा बघल्यानी. कायच बोलाक नाय. मशीन उचलल्यानी आणि माळ्यार ठेवल्यानी. मगे कधी खाली काढूक नाय. मी इषय काढलंय तर उठान भायर जायत. मरेसर रेकॉर्डीचां नाव घेवक नाय."

बोलताना त्या माझ्याकडे नाही, फडताळाकडे बघत होत्या.

"भांडले असते तर बरां होतां," त्या म्हणाल्या. "त्येंची गाणी मी मारलंय, ह्यां मनातसून जायत नाय."

आता मला कळलं त्यांनी मला का बोलावलं होतं. त्यांना निकाल हवा होता, आणि उद्या गाडी यायच्या आत हवा होता. भिंतीवर गेल्यावर कोण सांगणार?

माईकवाले मला परके नव्हेत. माझ्या बाबांचं कणकवलीच्या बाजारात रेकॉर्डींचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथेच. दुकानात शौकीन लोक यायचे, पाच रेकॉर्डी ऐकायचे, एकही न घेता जायचे. दुकान चालायचं ते माईकवाल्यांवर. सीझन आला की ते सायकलवरून, एसटीने, मिळेल तसे यायचे आणि गठ्ठे घेऊन जायचे. कारण त्यांच्याकडे रेकॉर्ड टिकायचीच नाही. मशीनचा हात जड, सुई झिजलेली, ती बदलायची टाळाटाळ. मांडवात अंधारात अंदाजाने सुई टेकवायची. अशी एक लग्नसराई काढली की काळी रेकॉर्ड राखाडी पडायची. म्हणून हुशार माईकवाले चालणारी रेकॉर्ड एकदम दोन घ्यायचे. एक वापरायची, एक राखीव. वापरायच्या रेकॉर्डवर ऑइलपेंटचा ठिपका द्यायचे, अंधारात पटकन ओळखू यावी म्हणून.

तेव्हा माडावर कर्णा बांधलेला दिसला की पोटात गुदगुल्या व्हायच्या. लग्न कुणाचं ते माहीत नसायचं, पण पंक्तीचा वास आणि सनईचा आवाज एकाच वाऱ्याबरोबर यायचा. शेतं ओलांडून येता येता तो आवाज मधेच बारीक व्हायचा, मधेच मोठा. आज माझ्याकडे चांगली मशीनं आहेत, स्पीकर आहेत. तसा आवाज मला पुन्हा ऐकायला मिळालेला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मी उठले. "काकी, सनईच्या रेकॉर्डी काढा. दोन असणार."

दोन होत्या. एकीवर लाल ठिपका, दुसरी कोरी. तेल दोघींना सारखंच.

माझ्या गाडीत सगळं सामान असतं. बॅटरीवर चालणारं छोटं मशीन, डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, भांडी घासायच्या लिक्विडची बाटली. तेल काढायला याहून भारी काही लागत नाही. फक्त पाणी कोमट हवं. कढत झालं तर रेकॉर्ड वाकते, गार असलं तर खोबरेल थिजतं. काकींनी चुलीवर पाणी ठेवलं, मी बोट घालून बघितलं. मधल्या कागदावर झाकण घातलं आणि पडवीत बसून ब्रश फिरवायला घेतला. खाच ज्या दिशेला जाते त्याच दिशेला फिरवायचा, गोल. रेकॉर्डवर एकच लांब खाच असते, बाहेरून आत जाणारी. तिच्या दोन्ही भिंतींवर गाणं कोरलेलं असतं. सुई त्या भिंतींना घासत जाते. खाच तेलाने आणि धुळीने भरली की सुईला पकड मिळत नाही. भिंती झिजल्या तरी मिळत नाही. प्रश्न एवढाच होता की त्या सकाळी सुई यातल्या कशाने घसरली?

पिवळट पाणी निघालं. पुन्हा धुतल्या, मग साध्या पाण्याने. काकींच्या ताटाळ्यात ताटांच्या शेजारी उभ्या करून वाळवल्या. दिगंबर दोनदा घड्याळ बघून गेला.

आधी ठिपक्याची लावली. आता तिच्यावर तेलाचा थेंब नव्हता. सुई टेकली, खरखर झाली, सनईचा एक तुकडा कसाबसा ऐकू आला आणि सुई सर्रकन घसरत मधे गेली.

काकींनी डोळे मिटले.

"थांबा," मी म्हटलं, आणि कोरी लावली.

सनई लागली. स्वच्छ. एखादा बारीक चट्ट आवाज सोडला तर काही नाही. सूर पडवीतून खळ्यात गेला, खळ्यातून बाहेर. काकी हलल्या नाहीत. दिगंबर मोबाईल हातात घेऊन तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने दगडी गडग्यापलीकडून शेजारीण ओरडली, "काकी गो, लगीन कोणाचां? माका सांगूक नाय तां?"

आम्हाला तिघांनाही हसू आलं. सनई संपल्यावर मी दोन्ही रेकॉर्डी उजेडात तिरक्या धरल्या. ठिपक्याची राखाडी दिसत होती, कोरी काळीभोर.

"काकी, हे बघा. तेल दोघींना तुम्हीच लावलंत. धुतलंही दोघींना सारखंच. तेलाने जाणार असत्या तर दोन्ही गेल्या असत्या. ही ठिपक्याची तुमच्या तेलाच्या आधीच गेलेली होती. जड सुईने खाचेच्या भिंती खाल्ल्या. तुम्ही तेल लावलं नसतंत तरी त्या सकाळी ती घसरलीच असती. तेलाने एक रेघही गेलेली नाही."

"खरां?"

"शंभर टक्के. लिहून देते."

मला वाटलं काकींना सुटल्यासारखं होईल. त्या भुवया जवळ आणून विचार करत होत्या. "मगे दुसरी कित्याक लावूक नाय त्येंनी? दुसरी होती मां फडताळात?"

 रेकॉर्ड बघून मला सुई कळते, माणूस कळत नाही.

उत्तर दिगंबरने दिलं, मोबाईलमधून डोकं वर न काढता. "कॅसेट मशीन यायचं होतं ना. मग कशाला लावतील?"

"तेव्हा खंयचां कॅसेट मशीन?"

"बाबांनी ठरवून ठेवलं होतं. मी गेलो होतो की कणकवलीला त्यांच्याबरोबर. शाळा उघडायच्या आधी. एसटीत मला उलटी झाली, म्हणून लक्षात आहे. आईला एवढ्यात सांगू नको म्हणाले, आणि मला पेपरमिंट घेऊन दिलं."

शाळा उघडते जूनमध्ये, आणि चतुर्थी येते पावसाळा सरत आल्यावर. दिगंबरलाही तेव्हाच जाणवलं आपण काय बोललो ते. त्याने मोबाईल खिशात घातला.

बाबांच्या दुकानात मीही ते बघितलं होतं. एका सीझनला कॅसेट आली आणि माईकवाले रेकॉर्डींकडे ढुंकून बघेनासे झाले. एकदा कॅसेट घातली की अर्धा-पाऊण तास बघायला नको, मांडवात चैनीत जेवता येतं. सगळेच वळले. काकींचे यजमानही वळले. तेलाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता.

"आणि मीया न्हाणी सोडलंय!" काकी एकदम म्हणाल्या.

"न्हाणी?" मी विचारलं.

मग कळलं. त्या पावसात त्यांची न्हाणी कोसळली होती. झावळ्यांच्या आडोशाला आंघोळ चालली होती. चतुर्थीनंतर चिऱ्याची पक्की न्हाणी बांधायची असं ठरलं होतं. पण चतुर्थी झाल्यावर यजमान म्हणाले, आता धंदा चालवायचा तर कॅसेट मशीन घ्यावं लागेल. काकी काय बोलणार? तेल त्यांनीच लावलं होतं. न्हाणी राहिली. पुढच्या वर्षीही राहिली. कितीतरी पावसाळे त्या झावळ्यांमागे न्हायल्या, आणि वर स्वतःलाच दोष देत राहिल्या.

तोपर्यंत काकी नवऱ्याबद्दल ह्येंनी, त्येंनी असंच बोलत होत्या. आता थेट एकवचनावर आल्या.

"मेल्यान माका फसवल्यान! झिलाक पेपरमिंट दिल्यान आणि माका फसवल्यान! तोंड बघलां असतास त्या दिवशी, जसां काय घरात कोण मेलां! मीया देवापुढे नाक घासलंय, आणि हो मनात मशीन घेवन बसलोहा!"

"आये, जावंदे आता," दिगंबर म्हणाला.

"जावंदे कशाक? तू पण त्यातलोच. पेपरमिंट खाल्लंस मां?"

तो बिचारा पन्नाशीला टेकलेला माणूस, मान खाली घालून उभा. मला हसू आवरत नव्हतं आणि वाईटही वाटत होतं. माझा आपला अंदाज, यजमानांनी ठरवून फसवलं नसावं. मशीनचं बायकोला कसं सांगावं या विचारात माणूस असणार, आणि सुई घसरली. आयतं निमित्त मिळालं. एक दिवस गप्प बसायचं ते पुढे रोज गप्प बसावं लागलं. रेकॉर्डचा विषय निघाला की उठून बाहेर जाणारा माणूस रागावलेला असेलच असं नाही. कदाचित त्याची नजर वर होत नसेल. पण हे मी तेव्हा बोलले नाही. काकींना आधी पोटभर चिडून घ्यायचं होतं, आणि तो त्यांचा हक्क होता.

चिडून झाल्यावर त्यांनी चहा केला, खटखटे लाडू पुढे ठेवले आणि स्वतःच वाटणी करून टाकली.

"लाल टिकल्याचे सगळे त्या हॉटेलवाल्याक दी. खिळे मारूंदे. आणि कोरे आसत ते वाजवणाऱ्याक दी."

"सनई ठेवून घ्या की," मी म्हटलं. "मशीन मी बघून देते एखादं."

"नको गो. आयकलंय, झालां. पण एक कर. विकशीत त्याच्यार लिव, तेलान कायएक जावक नाय म्हणान."

मी लिहिलं. माझ्या स्टिकरवर ग्रेडच्या खाली शेऱ्याची जागा असते. राऊळांच्या रेकॉर्डी धुवून, वाजवून मी विकल्या, त्यातल्या बहुतेक व्हीजी प्लस निघाल्या. प्रत्येकीवर शेरा होता, 'वर्षानुवर्षं खोबरेलाखाली जपलेली.' गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, ही कुठली नवीन पद्धत? मी म्हणायची, मालवणी आहे, घरी करू नका.

कॅफेवाला दुसऱ्या दिवशी येऊन ठिपक्याच्या रेकॉर्डी घेऊन गेला. त्या काळ्या आणि गोल होत्या, तो खूश झाला.

दिवाळीनंतर दिगंबरचा फोन आला. आई बांद्याला ती भिंत बघायला जायचं म्हणून हटून बसली आहे, तुम्ही येता का, मला एकट्याला भीती वाटते. मी कुडाळहून त्यांच्या गाडीत बसले. वाटभर काकी काजूच्या बागांकडे बघत होत्या.

भिंत चांगली सजवली होती. वर पिवळे दिवे, खाली पोरंपोरी फोटो काढत होती. सनई अगदी मधोमध, लाल ठिपक्यासकट. काकी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. कॅफेवाला खुर्ची घेऊन आला, त्यांनी हातानेच नको म्हटलं.  मग रेकॉर्डकडे बघतच म्हणाल्या,

"सांगल्यानी असतां तर मी काय खाल्लंय असतंय त्येंका?"

आणि रडल्या. दिगंबर पुढे झाला, पण मी त्याला धरून ठेवलं.

रेकॉर्ड किती खराब आहे ते मला सांगता येतं. कशाने खराब झाली तेही बहुतेक वेळा सांगता येतं. गिऱ्हाइकाला मी दोन्ही सांगते. ज्या घरातून रेकॉर्ड उचलते त्या घरात मात्र हल्ली पहिलं तेवढंच सांगते, आणि दुसरं कुणी विचारलं तर आधी विचारते, नक्की ऐकायचंय का?